मीटरमधली चांदणी

“सील तोडा,” थोरली म्हणाली. मंजुरीचा कागद तिने फिटरच्या नाकासमोर धरला होता.

“तोडतो हो, मॅडम. पण ज्यांनी पाणी बंद करायचा अर्ज दिला, ते हजर लागतात.”

“माझा भाऊ. येतोय महाराज.”

तीन महिन्यांत ती पाणी खात्यात अकरा वेळा गेली होती. बंद करायला एक अर्ज पुरला होता. सुरू करायला मात्र ही खिडकी त्या खिडकीकडे पाठवायची, ती खिडकी साहेबांकडे, आणि साहेबांच्या खुर्चीवर नुसता साहेबांचा कोट. शेवटी ती त्या कोटाशीच तावातावाने भांडली, तेव्हा कुठे सही मिळाली.

धाकट्याची गाडी फाटकाशी थांबली. मागच्या सीटवर पाण्याचे दोन मोठे कॅन होते.

“बाबांच्या घराचं पाणी तोडलंस आणि स्वतः कॅन भरून फिरतोस?”

“ताई, रस्त्यात तमाशा नको. आमच्याकडेही दिवसाआड येतं पाणी.”

“मग बाबांना तुझ्या घरून इथे आणून सोड. त्यांचं घर आहे. पाणी आलं की मी राहते त्यांच्याबरोबर.”

“ते नको म्हणतात.”

“मला म्हणू देत. फोनवर.”

“ठार बहिरा माणूस फोनवर काय बोलणार? तुझ्यावर रागावलेत ते. निवळले की मीच तुला घरी घेऊन जाईन.”

फिटरने मान डोलावली. धाकट्याचा आवाज थकलेला, समजूतदार होता. थोरलीचा तीन घरं पलीकडे ऐकू जात होता.

“आतले नळ बंद आहेत ना?” फिटरने विचारलं.

“मी स्वतः बंद केलेत,” धाकटा म्हणाला.

“एकदा बघून आलात तर बरं.”

“किल्ली नाही आणली. रिकाम्या घराची किल्ली कोण खिशात घेऊन फिरतं?”

“वर टाकी?”

“फुटली होती, काढली. नळ थेट लाइनवर आहेत.”

“बाबांनी बंद केले असते तर काळजी नव्हती,” थोरली म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला. “ठिबकलेलं ऐकू येत नाही ना त्यांना. म्हणून नळ बंद करतात, किंचित उघडतात आणि पुन्हा करकचून पिळतात. किती वायसर खाल्ले असतील, देव जाणे.”

फिटरने सील तोडलं आणि पाना लावून कॉक फिरवला. पाइपातली हवा गुरगुरली. मीटरच्या काचेखाली एक इवलीशी लाल चांदणी गरगरू लागली.

“थेंबभर पाणी गेलं तरी ही फिरते. पाइप भरला की थांबेल.”

तिघे वाकून बघत राहिले. गुरगुर संपली. चांदणी फिरतच होती.

“पाणी जातंय कुठेतरी,” फिटर म्हणाला.

“पाइप फुटला असेल,” धाकटा घाईने म्हणाला. “बंद करा.”

“फुटणारच! तीन महिने कोरडा ठेवलास!” थोरली कडाडली. “घराची वाट लावलीस. मला इथे राहू द्यायचं नव्हतं, एवढंच ना?”

“ओरडू नकोस. अहो, बंद करा ना आधी!”

“बंद करावंच लागेल, मॅडम. फुटलेला पाइप आपोआप मिटत नाही. दुरुस्ती करून घ्या आणि नव्याने अर्ज द्या.”

“बाराव्यांदा?” तिने दोन्ही हातांनी पाना धरला. “हात लावून दाखवा कुणीतरी!”

धाकट्याने तिचं मनगट पकडलं. तो घामाने थबथबला होता.

“अहो, थांबा,” फिटर म्हणाला. “हे बघा.”

चांदणी मंदावली. थांबली.

मग किंचित फिरली, आणि पुन्हा गच्च थांबली.