मातीचा थर

घंटागाडीची गाणी ऐकू आली की मी कचऱ्याची बादली पुन्हा एकदा उलटून बघते. माझ्या पारमिताच्या बाहुलीतला सेल, फुटलेली ट्यूब, मोडका थर्मामीटर, चुकून काही गेलं तर नाही ना? असलं सगळं मी एका डब्यात वेगळं जमवते.

"आक्का, तुमच्यावानी सोवळा कचरा अख्ख्या निपाणीत न्हाय बघा," गाडीवरचे आण्णाप्पा रोज चिडवतात.

वरच्या मजल्यावरची नीलम कचरा डेपोवर इंजिनिअर आहे. परवा जिन्यात मला बादली चिवडताना बघून ती हसलीच.

"एवढं काय घाबरतीस गं? एखादा सेल गेला तर गेला. डेपोच्या तळाला आम्ही चिकणमातीचा जाड थर रोलरनं दाबून बसवलाय. शिसं, पारा, काय झिरपंल ते ती माती पिऊन घेती. खाली विहिरीत काय उतरत न्हाय."

"ठाऊक आहे. बोरगावची ना ती माती?"

"व्हय, तुझ्या माहेरचीच की. ओढ्याकाठची सगळी उचलून आणली. लई गुणाची माती. एकदा धरलं की सोडत न्हाय."

मी मान हलवली, बाहुलीतला सेल बादलीतून काढला आणि पदराला पुसून डब्यात टाकला.



पारमिताच्या आधीची माझी लेक, दात यायच्या आधीच गेलेली, माझ्या वडिलांनी त्याच ओढ्याकाठी मातीत ठेवली होती.