आपलं आपण आलेलं पिल्लू

एकविसावा दिवस उजाडला, तशा उबवणी केंद्रातल्या बायका चमचे घेऊन ट्रेपुढे बसल्या. पिल्लांनी एकमेकांना टोचून मारू नये म्हणून कोंबडीची ही जातच बिनचोचीची घडवली होती. त्यामुळे अंडी बाहेरून फोडावी लागत.

नव्याने कामाला लागलेल्या शेवंताच्या हातातल्या अंड्यातून टकटक ऐकू आली. कवच तडकलं आणि पिवळी चोच बाहेर डोकावली.

“कौसामावशी, हे बघा, आपलं आपण आलं!” ती हरखून म्हणाली.

शेजारी बसलेल्या जुन्या कौसामावशीने पिल्लू घेतलं, मान पिरगाळून बादलीत टाकलं.

“सगळीच अशी यायला लागली, तर आपल्याला कामावर कोण ठेवील गं?”

मग तिने पुढचं अंडं उचलून चमच्याने अलगद ठोकलं.

“ये रे सोन्या. घाबरू नको, मी आहे ना.”