आप्पांच्या मांडीवरची पोथी

उमरग्याजवळच्या शेतात लिंगायत रीतीनं आप्पांचा देह पुरण्यासाठी खड्ड्यात बसवला आणि त्यांच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे थोरल्या मुलानं, शिवानंदनं, घराण्याची जुनी हस्तलिखित पोथी त्यांच्या मांडीवर ठेवली. ते बघून धाकटी लेक महेश्वरी खड्ड्याच्या काठाशी आली. या पोथीची दुसरी प्रत कुठंच नव्हती; छापण्यासाठी तिनं आप्पांजवळ बसून निम्मीच उतरवून घेतली होती. "अण्णा, काढ ती. वाळवी खाईल तिला." "आप्पांचा शब्द हाय," भाऊ म्हणाला. पहिली माती पडली तशी ती खड्ड्यात उतरली, बापाचे थंड हात बाजूला केले आणि पोथी पदरात घेऊन वर चढली. कुणी तिला हात दिला नाही. दोन वर्षांनी पुस्तक छापून आलं. पहिली प्रत घेऊन ती माहेरी गेली. आईनं दार उघडलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पोटच्या लेकीला परक्या बाईसारखं म्हणाली, "बसा."