उरलेलं मडकं

नातीचं, केतकीचं बारसं झालं ते २०२३ साल. त्याच वर्षी हेमलताने घरावर मडकी चढवली.

बारशाचे पाहुणे बसवनगुडीच्या त्या बैठ्या घरातून अजून हलले नव्हते, तोच मडक्यांनी भरलेला टेम्पो दारात उभा राहिला. तिचा मुलगा आशय बाहेर धावला.

"आई, हे काय नवीन?"

"गच्चीवर मडकी पालथी घालायची, वर चुन्याचा थर द्यायचा. ऊन खोलीत उतरत नाही."

"अगं, सरळ एसी लाव ना!"

"आणि वीज गेली की? मडक्यांना वीज लागत नाही."

आत खाटेवर तिचा नवरा श्रीकांत पडून होता. कारखान्यातून निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याचं उजवं अंग गेलं. स्लॅब तापला की त्याला धाप लागे. मग हेमलता भर दुपारी चादरी भिजवून खिडक्यांना लावी, ओल्या पंच्याने त्याचं अंग पुशी. असे तीन उन्हाळे तिने एकटीने काढले होते.

आशयने आवाज खाली आणला. "बाबांना आमच्या महादेवपुऱ्यात चांगल्या ठिकाणी ठेवू. नर्स असते, सगळं गार असतं. हे घर विकू, तू आमच्याकडे ये. किती दिवस राहिलेत, तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर घाई करतेय."

"लोक हसतील, आई."

"हसू देत. त्यांना गच्चीवर बोलाव, मडकी उचलायला हात हवेतच."

दुसऱ्या दिवशी आप्पाजी हा कानडी गवंडी कामाला लागला. हेमलता पदर खोचून शिडीवर चढली. कोपरापर्यंत सरकवलेल्या बांगड्या घसरून पुन्हा मनगटावर येत होत्या.

"अक्का, स्वल्प तरी, थोडं तरी जेवत जा," आप्पाजी म्हणाला. "यजमानांच्या काळजीनं वाळलात."

"तुम्ही चुना नीट घोटा. फट राहता कामा नये."

"सरी, अक्का, सरी," आप्पाजीने होकारार्थी मान डोलावली.

काम संपलं. एक मडकं उरलं. आप्पाजी ते टेम्पोत टाकायला निघाला, तर हेमलताने काढून घेतलं.

"राहू दे. लागेल."

आशयने खाटेकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली. "आई, अभद्र बोलू नकोस."

"त्यात अभद्र काय? धरायचं तुलाच आहे. वेळेवर बाजारात पळापळ नको."

पुढे तिने श्रीकांतसाठी दिवसरात्रीचा माणूस ठेवला. शेजारच्या पवित्राला त्याची पेज करायला शिकवली. आशय म्हणाला, "आता शेवटी शेवटी कशाला एवढा पसारा?" ती पवित्राकडे वळून म्हणाली, "आता माझ्याशिवाय करून दाखव."

मार्च तापला. डांबर पायाला चिकटू लागलं. आशय घामाघूम होऊन आला, तेव्हा हेमलताने त्याला श्रीकांतच्या खोलीत नेलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"चढ. हात लाव छताला."

त्याने लावला. बराच वेळ काढलाच नाही. श्रीकांत खाटेवर घोरत होता.

"आता बोल, कुठे न्यायचं यांना?"

"कुठेच नाही, आई."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

त्याने सांगितलं.

एप्रिलमध्ये गल्लीत गुळाचं पानक वाटायचा मांडव पडला, त्या सकाळी पवित्राचा फोन आला. आशय धावत आला. कोपऱ्यातलं मडकं त्याने उचललं, विस्तव घातला आणि तिरडीपुढे चालू लागला. मागे खोलीत ऊन उतरलं नव्हतं. खाटेवर श्रीकांत दाराकडे डोळे लावून पडला होता.

हेमलता २०२४ सालच्या रामनवमीला गेली.