थेंबही आत येणार नाही

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मिस्त्रींचा ट्रक नदीच्या मधोमध खडकांत अडकला. खोल पाण्यासाठी त्यांनी तो महिनाभर खपून तयार केला होता. इंजिनाला हवा देणारं नळकांडं टपाच्या वर नेलं, दारांना दुहेरी रबर बसवलं, शॉर्ट नको म्हणून काचा खाली-वर करणाऱ्या बटणांच्या वायरी काढल्या. "आत थेंब आला तर मिशी उतरवीन," असं सगळ्यांना सांगून झालं होतं.

आता पाणी काचेला टेकलं होतं. दार रेटून उघडत नव्हतं.

"अहो, मिशी वाचली तुमची," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "आता काच फोडा. हातोडा कुठाय?"

"टपावरच्या पेटीत," मिस्त्री पुटपुटले. "हत्यारं भिजायला नकोत म्हणून."

साडेचारला पाणी काचेच्या अर्ध्यावर होतं. इंजिन सुरूच होतं.