अदलाबदल

"मावशी, हा शर्ट माझा नाही!"

सलग तिसऱ्या दिवशी ती हॉस्टेलच्या लाँड्रीच्या खिडकीशी येऊन चक्क ओरडली. डोळे तारवटलेले, केसांच्या झिपऱ्या.

"अगं बाई, पुन्हा चुकलं?" लाँड्रीवाल्या मावशींनी कपाळावर हात मारला. "आता आलीसच म्हणून शोधून देते. पण आठच्या आत यायचं हं. आठनंतर मी धुवायला बसते, खिडकी बंद."

आठच्या आत उठायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. महिनाभर ती खोलीतच पडून होती. दिवसा झोप, रात्री टक्क जागी. आंघोळ राहिली, जेवण राहिलं, वर्गाचं तर नावच नको. आपण इथे असलो काय नि नसलो काय, कुणाचं काय अडतंय, असं तिच्या मनाने घेतलं होतं. कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून तयार होता. खुर्चीवरचा मळक्या कपड्यांचा ढीग शेवटी मावशीच वर येऊन घेऊन गेल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी इस्त्रीची एक घडी दाराशी यायची, आणि रोज ती भलत्याच कुणाची निघायची.

कपडे तर हवेतच. ती चरफडत खाली यायची. रांगेत चारचौघींत उभं राहायचं म्हणून पाचव्या दिवशी आंघोळ करून आली. खाली आलोच आहोत तर नाश्ता, उठलोच आहोत तर पहिला तास. मग रात्री अकराला डोळे आपोआप मिटायला लागले. एका सकाळी रांगेतल्या कुणाच्या तरी फालतू विनोदावर ती खळखळून हसली आणि स्वतःच दचकली. त्या दुपारी तिने अर्ज फाडून टाकला.

आता तिला मावशींचीच काळजी लागली. ती रेक्टरबाईंकडे गेली.

"मॅडम, मावशींचे डोळे तपासून घ्यायला हवेत. तीन आठवडे रोज माझे कपडे चुकतायत. तक्रार नाही हं माझी! उगाच बिचाऱ्यांची नोकरी जायची."

रेक्टरबाईंना हसू आवरेना.

"अगं, एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाचा रुमालसुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही."

"मग माझ्याकडे येतात ते कपडे?"

"तुझ्या मजल्यावरच्या मुलींचे. मावशी मागतात, त्या आळीपाळीने देतात. आज कपडे कुणी द्यायचे, यावरून सकाळी दोघी भांडत होत्या."