वहीतली नवी ओळ

सातपूरच्या निवृत्ती पगारे गुरुजींचे सगळे पासवर्ड एका निळ्या वहीत होते. गेलेल्या माणसाचं नाव आणि त्याचा स्मृतिदिन, अशी त्यांची पद्धत; त्या तारखा विसरणं शक्यच नव्हतं.

मार्चमध्ये वहीत त्यांनी न लिहिलेली एक ओळ दिसली. अक्षर मात्र त्यांचंच. शेजारचा नवनाथ, बारा तारीख. नवनाथ तेव्हा धडधाकट होता. बाराला भर बाजारात त्याच्यावर कोयत्याचे सतरा वार झाले. गुरुजींचं ई-मेल त्या दिवसापासून त्याच ओळीनं उघडू लागलं.

आज दुपारी तिच्याखाली आणखी एक ओळ होती. पायल, आणि आजची तारीख.

त्यांनी ती फोनवर घालून पाहिली. ई-मेल उघडलं.

लेक आत कोबी चिरत होती. सुरी एका लयीत पाटावर आपटत होती.

"आप्पा, परत पासवर्ड विसरलात?" ती आतून हसली. "पोरांकडून पाढे पाठ करून घ्यायचात ना? आता वही पाठ करा!"

"पायल, आज कुठे जाऊ नकोस, बाळा."

"वा! आणि माझा क्लास कोण घेणार?"

गुरुजींनी तिची ओळ खोडली. खाली स्वतःचं नाव लिहिलं, आजचीच तारीख घातली आणि फोनवर तोच नवा पासवर्ड दिला. 'पासवर्ड बदलला,' अशी अक्षरं उमटली. त्यांचा जीव भांड्यात पडला. पोर वाचली.

आतला सुरीचा आवाज थांबला.

पायल बाहेर आली. चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं, हातात सुरी होती. तिनं दाराला आतून कडी लावली.

"नाही जात, आप्पा," ती म्हणाली. "कुठेच नाही जात."